आरएल दोन, प्लॉट एक: नदी-नाल्याकाठी घर बांधण्याआधी काढायचा आकडा

नागपुरात प्लॉटचा सौदा सुरू झाला की पाच मिनिटांत ‘आरएल आहे का?’ हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला हवं असतं ते नियमितीकरणाचं पत्र. तोच शब्द सर्व्हेअरसमोर उच्चारला तर तो समुद्रसपाटीपासूनची उंची सांगेल, मीटरमध्ये, तीन दशांश स्थळांपर्यंत. नाग, पिवळी किंवा पोरा नदीच्या किंवा त्यांना मिळणाऱ्या एखाद्या नाल्याच्या जवळ प्लॉट असेल तर ही दोन्ही आरएल लागतात. पहिलं हातात आलं की लोक दुसरं विसरतात, आणि घरात पाणी शिरतं ते या दुसऱ्यापायी.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चारेक तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. १८७० साली बांधलेल्या अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून पाणी आलं आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊट, शंकरनगर असं करत थेट सीताबर्डीपर्यंत घराघरांत शिरलं. बुडालेल्यांत अतिक्रमणवालेच होते असं मुळीच नाही. जुन्या, मंजूर लेआऊटमधली, रीतसर नकाशे पास झालेली घरंही होती. म्हणून ‘मंजूर आहे ना, मग झालं’ या भरवशावर नदीकाठी राहता येत नाही. बांधकामाचा नियम काय म्हणतो ते आधी पाहू, मग त्यातून आपल्या प्लॉटचा आकडा कसा काढायचा ते.

निळी रेषा, लाल रेषा

पूररेषा आखण्याचं काम जलसंपदा विभागाचं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या प्रस्थापित वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो मोठा असेल त्याचं पाणी जिथवर पसरेल ती हद्द. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लालपर्यंत निर्बंधित क्षेत्र.

‘१०० वर्षांतून एकदा’ हे ऐकून बहुतेकांना वाटतं, २०२३ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. तसं ते गणित नाही. दर पावसाळ्यात तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षी आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही. गृहकर्जाची मुदत ३० वर्षं धरली तर त्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुरासाठी हाच आकडा ७१ टक्के. निळ्या रेषेच्या आत घर म्हणजे हप्ते फिटायच्या आत पाणी येणार, असंच धरून चालावं.

डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (सगळे यूडीसीपीआरच म्हणतात) या दोन रेषांवर बोट ठेवते. काठ ते निळी रेषा या पट्ट्यात वाहनतळ, उघडा भाजीबाजार, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाण्याच्या-गटाराच्या लाइनी, सार्वजनिक शौचालय असे वापर चालतात. नवीन घर नाही. तिथे आधीपासून अधिकृत इमारत असेल तर तिचा पुनर्विकास जलसंपदाच्या ना-हरकतीवर, लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर होऊ शकतो. निळी ते लाल या पट्ट्यात नवीन बांधकाम चालतं, पण तेही लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर. प्लॉटचा काही भाग निळ्या किंवा लाल रेषेत आणि बाकीचा बाहेर असेल, आणि जमीन विकासयोग्य झोनमध्ये असेल, तर आतल्या भागाचा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्र) उरलेल्या भागावर वापरता येतो. हे कलम मोठ्या जमिनीवाल्यांना नीट ठाऊक असतं. तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवाल्याला त्याचा उपयोग नाही, कारण त्याच्याकडे उरलेला भागच नसतो.

याशिवाय प्रवाहाच्या पाणरेषेपासून सोडायचं अंतर वेगळं आहे: नदीसाठी १५ मीटर, नाल्यासाठी त्याहून कमी. गफलत इथे फार होते. ‘नाल्यापासून सोडायचं तेवढं सोडलं’ म्हणजे पूररेषेचा प्रश्न मिटला असं लोक समजतात. अंतर आडवं मोजलं जातं, पूर उभा चढतो. सपाट जागेत पाणी दोन फूट चढलं की काठापासून शंभर मीटर आतही पोचतं. या दोन अटी स्वतंत्र आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात.

आणखी एक पळवाट, जी कायद्याने दिलेली सोय आहे पण नदीकाठी महागात पडते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला कमी जोखमीचं मानून परवानगीची प्रक्रिया सोपी केली आहे. लायसन्स्ड इंजिनिअरच्या सहीने कागद दाखल केले की काम सुरू. १५०० चौरस फुटांचा प्लॉट म्हणजे १३९ चौरस मीटर, अर्थात आपल्याकडचे बहुतेक प्लॉट याच खिडकीतून जातात. पूररेषा पाहिली की नाही हे तपासायला समोर कुणी बसलेलं नसतं. सही करणाऱ्या इंजिनिअरला स्पष्ट विचारावं: लाल रेषेची पातळी किती धरली? ‘त्याची गरज नाही’ हे उत्तर आलं तर दुसरा इंजिनिअर बघावा.

कागद कोणते बघायचे

विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला सगळेच काढतात. पण तेवढ्यावर थांबू नये. १:४००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. जाड पेनाने ओढलेली रेघच तुमच्या अर्ध्या प्लॉटएवढी रुंद असते. ‘नकाशात बाहेर दिसतंय’ याला काही अर्थ नाही. भूमि अभिलेखची मोजणी करून ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) घ्यावी आणि त्यावर नाल्याची हद्द दाखवून घ्यावी.

विदर्भात आपल्याला एक जास्तीचा आधार आहे, जो पुण्याकडे मिळत नाही: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मौजाच्या जुन्या नोंदींत पाणी, वहिवाट, नाले, तलाव यांबद्दलचे गावाचे हक्क आणि रिवाज लिहिलेले असतात. आज ज्याला ‘ते तर गटार आहे’ म्हणतात ते बंदोबस्ताच्या (जुन्या महसुली मोजणीच्या) नकाशात नाला म्हणून स्वतंत्र खसरा नंबरासकट दिसू शकतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले शासनाचे. विक्रीपत्रात कुणी काहीही लिहो. जुन्या नकाशातला नाला आज जागेवर दिसत नसेल तर दोनच शक्यता: तो वळवला आहे किंवा बुजवला आहे. बुजवला असेल तर मोठ्या पावसात पाणी त्याच जुन्या वाटेने येतं, मग वाटेत कुणाचा हॉल असो की बेडरूम.

गुंठेवारीतल्या (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या आणि नंतर नियमित केलेल्या) लेआऊटमध्ये मंजूर लेआऊट नकाशाच मागावा, फक्त तुमच्या प्लॉटचा तुकडा नाही. सार्वजनिक वापराची जागा नाल्यालगत सोडली आहे का, नाल्याची रुंदी नकाशात किती आणि जागेवर किती, हे फीत लावून बघता येतं. नकाशात १२ मीटर आणि जागेवर ५ असेल तर उरलेले ७ मीटर कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये गेले आहेत. नियमितीकरणाचं पत्र प्लॉट नियमित झाल्याचं सांगतं, तो पूररेषेबाहेर असल्याचा तो दाखला नव्हे.

आकडा काढायचा कसा

लाल रेषेची पातळी आपल्या प्लॉटसमोरच्या नदीच्या छेदाला (त्या जागच्या आडव्या कापाला) किती, हे जलसंपदाकडून लेखी घ्यावं. ‘समोरच्या छेदाला’ हे शब्द महत्त्वाचे. नदीच्या पाण्याला उतार असतो; तो १:५०० असेल तर २०० मीटर वरच्या अंगाला पातळी ४० सेंटिमीटरने जास्त असते. मित्राच्या घराचा आकडा आपल्याला चालत नाही.

जिथे रेषा आखलेल्या नाहीत, म्हणजे बऱ्याच छोट्या नाल्यांवर, तिथे २०२३ च्या खुणा हाच पुरावा. मात्र खूण कुठली घ्यायची याला नियम आहे. प्रवाहाकडे तोंड असलेल्या बाहेरच्या भिंतीवर पाणी आदळून उसळतं, ती खूण जास्त उंच येते. घराच्या आत, बंद खोलीत, पाणी थिजून उभं राहिलेलं असतं. तिथे भिंतीवर गाळाची सरळ, बारीक रेघ पडते, कधी कपाटाच्या मागच्या पत्र्यावर, कधी मीटरच्या डब्यात. ती घ्यावी. पाच-सहा घरांतल्या खुणा ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) मोजाव्यात. एखादी बाकीच्यांपेक्षा हातभर वेगळी आली तर ती सोडून द्यावी. शिवाय २०२३ चा पूर म्हणजेच लाल रेषा असं मानू नये. जिथे खुणांवर अवलंबून राहायचं तिथे ४५ सेंटिमीटरऐवजी ६०–७५ सेंटिमीटर वर जाणं माझ्या मते शहाणपणाचं.

सर्व्हेअरने लेव्हल कुठल्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवरून) आणली हे लिहून घ्या. पुष्कळदा समोरच्या मॅनहोलचं झाकण १००.००० धरून काम केलं जातं. आपल्या चार भिंतींपुरतं ते चालतं, पण जलसंपदाचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो. दोघांची सांगड घातलीच नाही तर कागदावर सगळं बरोबर आणि जागेवर दोन फूट खाली, असं होतं.

आता एक उदाहरण, आकडे समजण्यापुरते घेतलेले. लाल रेषा ३०२.४०० मीटर. प्लॉटची सरासरी पातळी ३०१.५५०. फरक ०.८५ मीटर, त्यात ०.४५ मिळवले की प्लिंथचा (जोत्याचा) माथा जमिनीपासून १.३० मीटर, म्हणजे सव्वाचार फूट. नेहमीचं दीड फुटाचं प्लिंथ इथे अडीच फुटांहून जास्त कमी पडतं. १.३० मीटर चढायला साडेचौदा सेंटिमीटरच्या ९ पायऱ्या लागतात. गाडीला १:१० चा रॅम्प धरला तर १३ मीटर लांबी, आणि प्लॉट आहे १५.२४ मीटर खोल. व्हीलचेअरचा १:१२ चा रॅम्प १५.६ मीटर होतो, तो तर सरळ बसतच नाही. म्हणूनच हा आकडा नकाशा काढायच्या आधी हातात हवा. नकाशा झाल्यावर हातात आला की ठेकेदार म्हणतो, ‘साहेब, तीन फूट करू, पुरे होते.’ आणि तेवढंच होतं.

भराव की स्टिल्ट

सोपा वाटणारा उपाय म्हणजे अख्खा प्लॉट मुरमाने भरून घेणे. वरच्या उदाहरणात १३९ चौरस मीटरवर ०.८५ मीटर भराव म्हणजे ११८ घनमीटर, सुमारे ४२ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), आणि दाबल्यावर तेवढा हवा म्हणजे आणताना ५० च्या वर. पैसे बाजूला ठेवा. पुराचं ११८ घनमीटर पाणी जिथे उभं राहणार होतं ती जागा आपण काढून घेतली, ते पाणी शेजाऱ्याकडे गेलं. शेजारीही भरतो. गल्लीतले चार जण भरले की पाचव्याच्या घरात पूर्वी कधी न आलेलं पाणी येतं. भरावाला बांध घातला नाही तर पहिल्याच जोरदार पावसात मुरूम वाहून नाल्यात जातो आणि पात्र उथळ होतं.

त्यापेक्षा स्टिल्ट. खाली फक्त कॉलम आणि गाड्या, राहणं वरच्या स्लॅबवर. पाणी खालून जातं. फक्त पुढच्या चार-पाच वर्षांत त्या स्टिल्टमध्ये भिंती घालून एक खोली काढायची नाही. आपल्याकडे हे इतकं सर्रास होतं की स्टिल्ट म्हणजे भविष्यातला तळमजला असंच समजतात. ती खोली नकाशात नसते, तिला लाल रेषेचं संरक्षण नसतं, आणि तिथे नेमके आजोबा नाहीतर चौकीदार झोपतो. तळघराचा विचार तर नाल्याकाठी करूच नये. वरून येणारं पाणी आत शिरू नये अशी व्यवस्था करा, असं नियम सांगतो, पण रॅम्पच्या तोंडाशी पाच फूट पाणी आलं की पंप काही करू शकत नाही. बहुतेक वेळा त्याच्या आधीच वीज गेलेली असते.

काळ्या मातीबद्दल थोडं. ही माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खोदाईतून निघालेली काळी मातीच प्लिंथमध्ये परत भरतात, कारण ती तिथेच पडलेली असते आणि फुकट असते. पूर येऊन ती भिजली की फरशी मधून उचलली जाते आणि आतल्या भिंतींना तिरक्या भेगा पडतात. भरावात मुरूमच हवा, १५–२० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस किंवा कॉम्पॅक्टर. उंच प्लिंथमध्ये हे जास्तच महत्त्वाचं, कारण १.३० मीटरचा भराव एकाच दमात ओतला तर पुढच्या दोन पावसाळ्यांत तो दोन-तीन इंच बसतो. फुटिंग काळ्या मातीचा थर ओलांडून घट्ट मुरमात गेलंच पाहिजे. भिंतीलगत चारी बाजूंनी मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेलं प्लिंथ प्रोटेक्शन घालावं म्हणजे रोजच्या पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही.

आणि रस्ता. नागपुरात सिमेंट रस्ते झाले तेव्हा कित्येक जुन्या घरांचं अंगण रस्त्याच्या खाली गेलं; जे पाणी पूर्वी दारातून रस्त्यावर जायचं ते आता रस्त्यावरून दारात येतं. प्लिंथचा दुसरा हिशेब म्हणून रस्त्याच्या मधल्या उंचवट्याची पातळी मोजावी. तुमचा रस्ता अजून डांबरी असेल तर त्यावर आणखी ३० सेंटिमीटर चढणार असं धरून त्याच्या वर किमान ४५ सेंटिमीटर. लाल रेषेचा आकडा आणि हा आकडा, यांत जो मोठा तो प्लिंथचा.

प्लिंथ झाल्यावर तपासणीचा टप्पा असतो. तिथे लांबी-रुंदी आणि मोकळ्या जागा मोजल्या जातात, पण तुम्ही स्वतः लेव्हल लावून प्लिंथचा माथा मोजून घ्या आणि इंजिनिअरच्या सहीने आकडा लिहून ठेवा. त्याआधी, काम सुरू होतानाच, कंपाउंडच्या पक्क्या खांबावर किंवा शेजारच्या भिंतीवर लाल रंगाने लाल रेषेची खूण आणि तिच्या वर ४५ सेंटिमीटरवर दुसरी खूण मारून ठेवावी. मिस्त्री नकाशा वाचतो की नाही सांगता येत नाही, रेघ मात्र रोज दिसते.

पाणी दारातून कमी, मोरीतून जास्त

घर उंच असूनही पाणी आत आल्याच्या तक्रारीत बहुधा गुन्हेगार गटार असतं. बाहेरची लाइन पुराने भरली की दाब उलटा फिरतो आणि सगळ्यात खालच्या नहाणी ट्रॅपमधून काळं पाणी बुडबुडे काढत वर येतं. घराच्या शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि दरवर्षी मे महिन्यात उघडून साफ करावा. झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली की ती लागत नाही आणि व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा होतो. झडप बंद असताना आपलंही पाणी बाहेर जात नाही, म्हणून पूर ओसरेपर्यंत वरच्या मजल्यावरून फ्लश करू नये. अन्यथा आपलंच सांडपाणी आपल्या तळमजल्यावर येतं.

विजेचा मीटर आणि मेन स्विच लाल रेषेच्या वर, ०.४५ मीटरच्या हिशेबातच, म्हणजे स्टिल्टमध्ये छातीएवढ्या उंचीवर नव्हे तर जिन्याच्या पहिल्या वळणावर. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं, त्याचा एमसीबी वर. लिफ्ट असेल तर पावसाचा इशारा मिळताच केबिन वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. पिटमध्ये पाणी भरलं तर केबिन तरी वाचते. बोअरचा केसिंग पाइप जमिनीबरोबर कापलेला असतो, तो पुराच्या पातळीवर न्यावा आणि झाकण घट्ट असावं. पुराचं घाण पाणी एकदा बोअरमध्ये गेलं की क्लोरिन टाकून, उपसा करून, पाणी तपासून घेईपर्यंत ते पिण्यालायक राहत नाही.

कंपाउंडची भिंत भरीव बांधली की ती धरणासारखी वागते. मीटरभर पाण्याचा दाब प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो पडतो. अर्ध्या विटेची भिंत त्याला टिकत नाही. पडते, आणि अडलेलं पाणी एका लोंढ्यात आत येतं. नाल्याच्या बाजूला खालून जाळी, वर भिंत किंवा नुसती जाळी लावावी, आणि त्या जाळीला अडकलेला कचरा काढायची जबाबदारी कुणाची हेही ठरवून घ्यावं.

जमिनीखालचं पाण्याचं टाकं भर पावसाळ्यात रिकामं करून धुवायचं नाही. बाहेरून २.५ बाय २.५ मीटर आणि २ मीटर खोल, म्हणजे साधारण ८,००० लिटरच्या आरसीसी टाक्याला भूजल माथ्यापर्यंत चढलं की साडेबारा टनांचा उचल बसतो. १५ सेंटिमीटर जाडीच्या भिंती, तळ आणि झाकण धरून त्याचं स्वतःचं वजन साडेदहा-अकरा टन भरतं. रिकामं टाकं वर उचललं जातं, पाइप तुटतात, कोपऱ्यात चीर जाते. सेप्टिक टँकचंही तेच. सफाई एप्रिलमध्ये करून घ्यावी आणि जून ते ऑक्टोबर टाकं भरलेलं ठेवावं.